दर्याचा घोट

नारळी पौर्णिमेनंतर होडी पहिल्यांदा समुद्रात लोटताना मालकाने तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दारू शिंपडावी आणि उरलेला घोट प्रसाद म्हणून घ्यावा, अशी गोराईतल्या होडीमालक चंदरच्या घराची पिढीजात रीत होती. व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यापासून चंदरने आठ महिने दारूला स्पर्श केला नव्हता. म्हणून त्याच्या बायकोने, हेमांगीने, यंदा बाटलीऐवजी शहाळे आणले. “दर्याला पाणी पाजतेस गो, सुने?” चुलतसासरे हसले आणि त्यांनी खिशातली बाटली चंदरच्या हाती दिली. “घे रं, परसाद हाय, दारू नाय.” चंदरने झाकण उघडले, हेमांगीने श्वास रोखला. त्याने सबंध बाटली तळहातावरून नाळेवर ओतली. “सगळा दर्यालाच दिला, काका.” खलाशी हसले, हेमांगीचे डोळे भरून आले. मग सारे होडी ढकलू लागले. चंदर मात्र नाळेपाशी उभा राहून भिजलेली बोटे एकेक करून चोखत होता.