शिशाच्या आतल्या बाजूला

जर्मनीतल्या कॅथेड्रलच्या सातशे वर्षं जुन्या रंगीत काचा दुरुस्त झाल्या, की त्या जोडणाऱ्या शिशाच्या नव्या पट्टीवर आतून कारागिरानं आपलं नाव कोरायचं, ही वर्कशॉपची रीत. ते दिसणार थेट पुढच्या दुरुस्तीत, शंभरेक वर्षांनी.

पुण्याच्या वल्लरीनं देवनागरीत कोरलं.

"तेव्हा इथे हे वाचता येणारं कोणी असेल?" वर्कशॉपचे प्रमुख क्राउझ यांनी हसत विचारलं.

"आज तरी कुठे आहे?" म्हणत तिनं पट्टी काचेवर चढवली.

मग नेहमीसारखी एकटीच कोपऱ्यात ब्रेड खात बसली.

पट्टीवर तिचं नाव नव्हतंच. आई गेल्यापासून तिला कोणीही न विचारलेला प्रश्न होता: ‘जेवलीस का?’