दुसरी चावी

क्रेन हलली आणि जिजाच्या हातातला खोका हातातच राहिला.

हलायचीच नव्हती ती! जिजाचा भाऊ कमळ्या आत होता, गोदामातल्या चाळीस फुटी रॅकमधल्या चिंचोळ्या बोळात, वर अडकलेला ट्रे सोडवायला. आत जाणाऱ्याने पॅनेलची चावी काढून सोबत न्यायची, हा इथला नेम. चावीशिवाय त्या बोळातून ट्रे ने-आण करणारी क्रेन जागची हलत नाही. कमळ्याने तर ती तिच्यादेखत करदोड्याला बांधली होती. मग ही मेली चालली कशी?

तिने काचेच्या केबिनकडे पाहिलं. सुपरवायझर धनेश पॅनेलपाशी उभा होता आणि पॅनेलला चावी लटकत होती. नवी कोरी, चकचकीत. गेल्या आठवड्यात कमळ्या चुकून चावीसकटच जेवायला गेला होता. अर्धा तास सगळं ठप्प. बोर्डावरचा ताशी ट्रेचा आकडा गडगडला आणि धनेशने साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. म्हणजे पठ्ठ्याने चौक गावच्या नाक्यावरून दुसरी करून आणली होती!

“सर! कमळ्या आत हाय! बंद करा!”

काचेपलीकडे काय ऐकू जाणार, कपाळ! धनेश बोर्डाकडे बघत होता. आकडा चढत होता. क्रेन बंद करायचं लाल बटण पार त्या टोकाला. तिथवर धावेपर्यंत क्रेन कमळ्यापाशी पोचली असती. आई गं, करू तरी काय?

समोर ट्रे बाहेर यायचं तोंड होतं. दोन्ही अंगांना बारीक दिवे. मधे काही आडवं आलं की क्रेन थांबते, आणि तिथे हात घालायला सक्त मनाई. जिजा सरकत्या रोलरवर चढली, गुडघ्यावर आपटली आणि तिने दोन्ही हात खांद्यापर्यंत आत खुपसले.

क्रेन थांबली.

“कमळ्या! ए कमळ्या! बोल रं!”

आतून, उंचावरून रडवेला आवाज आला, “हाय गं ताय. हातभर रायली व्हती.”

धनेश धावत आला. “वेड लागलं काय जिजा? ट्रे आला असता तर हात...” आतला आवाज त्याच्या कानावर पडला होता. तो पांढराफटक पडला. “हा... जेवायला नाही गेला?”

जिजा हुंदके देत होती.

“उतर खाली. कमळ्या बाहेर येईस्तोवर नाही चालू करत. आईची शपथ.”

तिने डावा हात ओढून काढला आणि तळवा त्याच्यापुढे धरला. उजवा तसाच आत ठेवला.

“शपथ नको, सर. ती चावी आणा हितं.”