निळ्या शालीतली बाई

म्हातारा आजही आला होता. बोगुमिलाने दाराआडून पाहिलं आणि तिच्या कपाळावर आठी चढली.

"आला बघा आपल्या बाईचा नवरदेव," तेक्लाबाई खुर्चीवरूनच म्हणाली. दालनावर नजर ठेवता ठेवता ती मोजे विणत असे. हातातल्या सुया थांबत नसत आणि तोंडही.

"हळू बोला हो. काही विचारत होता का?"

"विचारत होता ना! म्हणे, या चित्राची चौकशी करायला कुणी येतं का? मी म्हटलं, आजोबा, तुमच्याइतकी चौकशी तर तिच्या सख्ख्या नवऱ्यानेही केली नसेल."

बोगुमिलाला हसू आलं नाही.

सरदारांच्या या जुन्या महालातल्या संग्रहालयात चित्रं पुष्कळ होती, पण लोक येत ते निळ्या शालीतल्या बाईसाठी. शहरभर पोस्टरवर तीच. काजळीखालून तिला बाहेर काढलं होतं ते इथली जुनी चित्रं साफ करणाऱ्या बोगुमिलाने, आणि सारं तारुण्य त्यापायी घालवलं होतं. खोट एकच होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर कुणीतरी ते चित्र संग्रहालयाला विकलं होतं, पण त्याआधी ते कुणाच्या घरी होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि हल्ली तर जिकडेतिकडे वारस उगवत होते. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या दालनातला घोडेस्वार असाच एका वारसाबरोबर निघून गेला. आता निळी बाईही गेली तर आपल्यापाशी उरलं काय, या विचाराने बोगुमिलाची झोप उडाली होती.

म्हाताऱ्याची लक्षणं तर मुळीच ठीक नव्हती. तो चित्रासमोरच्या बाकावर बसे, पण चित्राकडे बघत नसे. चित्र बघणाऱ्यांकडे बघत असे. कुणी जरा जास्त वेळ रेंगाळलं, की हा उठून त्याचा चेहरा निरखायला जाई. आपल्याआधी दुसराच कुणी येऊन हक्क सांगेल अशी धास्ती घेतलीय याने, असं बोगुमिलाने मनाशी ठरवून टाकलं.

शेवटी गोड बोलून पोटातलं काढून घ्यावं म्हणून ती त्याला खाली चहाला घेऊन गेली. लिंबाचा चहा आणि खसखशीचा केक समोर आला. सेवेरिन, एवढंच नाव त्याने सांगितलं. अधूनमधून तिच्या चेहऱ्याकडे मात्र टक लावून बघे. बिलंदर आहे, ती मनात म्हणाली.

"चित्र फार आवडलेलं दिसतंय तुम्हाला."

"आमच्या जेवणघरात होतं ते."

तिने चमचा खाली ठेवला.

"खरं की काय! कुणी घेतलं होतं?"

"घेतलेलं नव्हतं. मागं राहिलेलं."

हा शब्द त्या शहरात घरोघरी चालायचा. आजीच्या मागं राहिलेलं कपाट, मावशीच्या मागं राहिलेलं घड्याळ. म्हणजे वारसच हा! संपलं सगळं, बोगुमिलाला वाटलं.

"मग आता परत न्यायचा विचार आहे तुमचा?"

"मी?" तो दचकला. "छे छे, मला कशाला? माझं काय आहे त्यात?"

तिच्या जिवात जीव आला. उरलेला केक तिने त्याच्यापुढे सरकवला आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "शहाण्यासारखं बोललात, काका. इथेच शोभतं ते. आणि खरं सांगू? आता ते मागायला कुणी येणारही नाही."

सेवेरिनने हात काढून घेतला.

"म्हणजे तुम्ही त्यांच्यातल्या नाही," तो म्हणाला. "माझ्यावर इतकी नजर ठेवून होता, मला वाटलं, आलं एकदाचं त्यांच्यातलं कुणीतरी."

"कुणाच्यातलं?"

"शेजाऱ्यांच्या मागं राहिलेलं आहे ते, बाई. युद्धात एका सकाळी सैनिकांनी त्यांना ट्रकमध्ये कोंबून नेलं, आणि दुपारी आमच्या भिंतीत खिळा ठोकताना बाबाही हेच म्हणाले होते, आता ते मागायला कुणी येणार नाही."