मेटॅडोरची किल्ली

शेजारच्या पेठेतल्या मंडपवाल्याचा अख्खा अँप्लिफायर गाडीतनं चोरीला गेला आणि स्पीकरवाल्या दिलदारची झोपच उडाली. दुसऱ्याच दिवशी त्यानं आपल्या मेटॅडोरच्या प्रत्येक दाराला नुसतं दाबलं की बसणारं भलंदांडगं कुलूप लावलं. एवढ्यावर भागतंय होय? पुढनं कुणी मागं शिरू नये म्हणून मधी जाड पत्राही ठोकून घेतला.

“अवो, किल्ली कुठं ठेवलीसा?” त्याच्या बायकोनं, मेहमुदानं विचारलं.

“तुला सांगितलं की समद्या पेठेत बोभाटा! चोराच्या बापाला बी घावायची न्हाय,” दिलदार मिशीतल्या मिशीत हसला.

लग्नाची ऑर्डर होती त्या सकाळी त्यानं मागचं कुलूप काढलं, किल्ली गुपचूप जागच्या जागी ठेवून आला आणि ऊन लागतंय म्हणून दार आतनं ओढून घेऊन तारा जोडत बसला. कुलूप उघडंच लोंबकळताना बघून मेहमुदा म्हणाली, “ईसरलं बघा!” तिनं ते खटकन दाबलं आणि पिशवी घेऊन बाजाराला गेली.

दिलदारनं आतनं पत्रा बडव बडव बडवला. पण शेजारी डबे ठोकणाऱ्याचं दुकान. त्या ठणठणाटात कोण लक्ष देतंय? आत उकाडा, तिकडं वऱ्हाड खोळंबलेलं. शेवटी त्यानं माइक उचलला, सवयीनं टिचकी मारली आणि टपावरचे चारही कर्णे पार पंचगंगेच्या घाटापर्यंत गरजले,

 

“हॅलो, हॅलो! बंधू आणि भगिनींनो, गाडीची किल्ली आमच्या घरात चटणीच्या बरणीत हाय... पार तळाला!”