मोकळा धनी

मेख्टिल्डचा नवरा फ्राइहेर, म्हणजे आपल्या गढीपुरता जहागीरदार. धाकट्या बहिणीचा, रिखेन्झाचा नवरा मात्र मार्कग्राफ. त्यामुळे सम्राटाच्या मेजवानीत धाकटी पुढच्या बाकावर आणि थोरली दाराजवळ, हे दरवर्षीचं ठरलेलं. मेख्टिल्डच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"अहो, तुम्हीही सम्राटांच्या कानावर घाला ना! तिच्या नवऱ्याला काय सोनं लागलंय?" सहा वर्षं तिनं हाच धोशा लावला. शेवटी बिचाऱ्या एबरहार्टनं शब्द टाकला.

यंदा वसंतात हुकूम आला. एबरहार्ट मार्कग्राफ झाला! हुकूम ऐकून त्यानं जुनं चिलखत काढून घासायला घेतलं. मेख्टिल्डनं मात्र त्याच दिवशी नवा झगा शिवायला टाकला. मुलूख कुठला मिळाला, हे तिनं विचारलंसुद्धा नाही.

आठवड्यानं रिखेन्झा आली, विधवेच्या वेषात. तिनं किल्ल्यांचा जुडगा बहिणीच्या हातात ठेवला.

"घे ताई, आमचा गड आता तुमचा. ह्यांना गेल्या महिन्यात बाण लागला."

"बाण? अगं, पण ते तर मार्कग्राफ!" मेख्टिल्ड म्हणाली.

"मार्क म्हणजे सरहद्द गं. शत्रू आला की पहिला घाव मार्कग्राफनं झेलायचा. आणि फ्राइहेर म्हणजे मोकळा धनी. मी तुझ्याकडे यायचे तेव्हा दाजी आपले निवांत शेकोटीशी बसलेले दिसायचे. किती जळायचे मी तुझ्यावर!"

खाली अंगणात एबरहार्ट घोड्यावर खोगीर चढवत होता.