हातातला झाडू

अकरा वर्षं सगळा दवाखाना शेवंताला सिस्टर म्हणायचा. सलाईन तीच लावायची, सुईही तीच टोचायची. आज डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेच इंजेक्शन तिनं दिलं, आणि पेशंट गेला.

बाहेर नातेवाईक दार बडवत होते. डॉक्टर मागच्या दारानं आले. त्यांनी तिचा पांढरा कोट स्वतःच्या हातानं उतरवला आणि तिला झाडू दिला. "घाबरू नकोस. झाडत राहा."

तिला भरून आलं. केर काढणाऱ्या बाईला कोण विचारतंय? मालक असावा तर असा!

डॉक्टरांनी दार उघडलं.

"हीच ती! हजेरीपुस्तक बघा, सफाई कामगार आहे. मी नसताना हिला इंजेक्शन द्यायला कुणी सांगितलं होतं?"

सगळ्यांनी तिच्या हातातला झाडू पाहिला.