न फाडलेलं वेष्टन

देवासला साबणाचा कारखाना काढलेले खंडोजीराव बळवंतची मुंबईच्या कलाशाळेतली फी भरत. म्हणून साबणाचं वेष्टनही त्यानेच काढायचं.

सुट्टीत देवासला आल्यावर त्याने लक्ष्मी काढली. वड्या हातोहात खपल्या. पण दुसरी वडी घ्यायला कुणी फिरकलं नाही.

"अरे भिया," खंडोजीराव माळवी ढंगात म्हणाले, "लोकांनी वड्या देवघरात मांडल्यात! तुझ्या आईनेसुद्धा. लक्ष्मी फाडून अंघोळ कोण करील? दुसरं काढ."

हत्ती.

"गणपती आठवतो."

मोर.

"सरस्वतीचा!"

कमळ.

"लक्ष्मी उठून गेली, आसन तसंच ठेवलंस होय?"

"मग काढू तरी काय, काका?"

"मला विचारतोस? फी कशाची भरतो मी? ऐक. पुढची वडी आधी तुझ्या आईला द्यायची. तिने वापरली तर छापतो. नाही तर कलाशाळा बंद."

बळवंतने चित्रच टाळलं. साधा हिरवा कागद, मधे ठळक अक्षरांत 'साबण', आणि कलाशाळेच्या शिस्तीप्रमाणे कोपऱ्यात बारीक सही.

चार दिवसांनी खंडोजीराव स्वतः घरी आले. हिरवी वडी देवघरात होती. न उघडलेली, वर हळदकुंकू.

बळवंतने कपाळावर हात मारला. "आई, यावर देव कुठाय गं?"

"देव नाही, ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "पण कोपऱ्यात तुझं नाव आहे म्हणे, शेजारच्या दुर्गाने वाचून दाखवलं. ते मी फाडू?"